दोन झाकणं

प्रिय मितेश,

'प्रिय' लिहिताना पेन अडखळलं, पण धाकट्या भावाला दुसरं काय लिहायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही. फोन केला की तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून कापतोस. कागद कापता येत नाही, म्हणून हे पत्र.

तुझ्या कंपनीचा 'प्रात्यक्षिक प्लॉट'चा फलक मी काढला. भाईंचा हसरा फोटो आहे ना त्यावर, 'प्रगतशील शेतकरी' वगैरे? तो आता कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलाय, फोटो आतल्या बाजूला करून. आपला बाप तिठ्यावरून मान खाली घालून जातो आणि फलकावरच्या फोटोत मात्र हसतो, हे मला बघवेना.

आठवतं ना, मृग लागला की अकरा घरं आपापलं भाताचं बियाणं घेऊन आपल्या विहिरीवर यायची? प्रत्येकाचं गाठोडं ओळखू यावं म्हणून तू आणि मी रंगीत चिंध्या बांधायचो. मग भाई सगळी गाठोडी एकाच दगडी दोणीत भिजत घालायचे. भाईंच्या हाताला मोड चांगले येतात, अशी वाडीची समजूत. यंदा त्याच दोणीत तू पाठवलेली तुझ्या कंपनीच्या औषधाची बाटली ओतली गेली. चांदीचे डोळ्याला न दिसणारे बारीक कण, बुरशी मारतात, मोड जोमानं येतात, हे सगळं तूच सांगितलंस. बाटलीवर छापलं होतं, दहा लिटरला एक झाकण. तू फोनवर म्हणालास, दोन घाला, साहेब बघायला येणार आहेत, फरक उठून दिसला पाहिजे. मी म्हटलं, निदान आधी आपल्याच बियाण्यावर करून बघू. भाई माझ्यावरच उखडले, "माझो झील शिकलेलो आसा. तो सांगता ता खोटा आसतला?" आणि चांगली गोष्ट एकट्यानं वापरणं त्यांना कधी जमलंय? अकराही घरांचं बियाणं त्याच पाण्यात गेलं.

फरक उठून दिसला, बरं का. मोड आले ते आखूड, मुळांची टोकं करपल्यासारखी तपकिरी. भाताच्या रोपांचा तरवा वीतभर व्हायच्या आधीच पिवळा पडून बसला. शेजारची तुळसाकाकी पायरीवर येऊन एवढंच म्हणाली, "भाई, तुमच्या हातचा बियाणा म्हणान डोळे झाकून पेरला." तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. लोकांनी पार फोंडाघाटाकडून उरलासुरला तरवा आणून उशिरा लावणी केली. काकीच्या शेताचे दोन कुणगे पडीकच राहिले. तुझे साहेब आलेच नाहीत. तूही आला नाहीस.

ते तिथंच संपलं असंही समजू नकोस. दोणीतलं पाणी फुकट घालवायचं नाही म्हणून भाईंनी ते दरवर्षीसारखं विहिरीमागच्या कुणग्यात सोडलं होतं. तिथं आता चवळी आहे. परवा एक रोप उपटून बघितलं. लहानपणी चवळीच्या मुळांवरच्या गाठी मोजून आपण पैज लावायचो, आणि तू हरलास की रडायचास. या मुळांवर मोजायला एकही गाठ नाही. वरच्या कुणग्यातल्या चवळीला मात्र भरपूर आहेत. दोन्ही रोपं आणि पिशवीभर माती घेऊन मी एसटीनं वेंगुर्ल्याच्या शेती संशोधन केंद्रात गेले. तिथल्या मॅडमनी नीट समजावलं. असली औषधं सरसकट वाईट नसतात, पण मात्रा चुकली तर बुरशीबरोबर मातीतले उपकारी जीवाणूही मरू शकतात, आणि चवळीच्या गाठी त्यांच्यामुळेच होतात. माती तपासायला ठेवून घेतली. कुणगा कधी सुधारेल विचारलं, तर म्हणाल्या, सांगता येत नाही. एवढी शिकलेली बाई हे म्हणायला लाजली नाही. तुला हे तीन शब्द का जमले नाहीत रे?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या आठवड्यात तुझ्या कंपनीचा छापील कागद टपालानं आला. 'शेतकऱ्याने स्वतःच्या मर्जीने दुप्पट मात्रा वापरली.' अहवाल देणारा म्हणून तुझं नाव, तुझी सही. भाईंनी तो दोनदा वाचला आणि खाली सही केली. मी ओरडले, तर म्हणाले, "झिलाची नोकरी जायत गो. डोस माझ्याच हातान पडलो मा?" मग सदरा चढवून तुळसाकाकीकडे गेले आणि चूक माझी म्हणून सांगून आले. पुढच्या मृगाला आपल्या दोणीकडे कोणी फिरकणार नाही, हे त्यांना कळतं, तरीसुद्धा. कागद टपालात टाकायला त्यांनी माझ्याकडे दिला. मी टाकला नाही. तो याच पाकिटात आहे. कंपनीला द्यायचा असेल तर तुझ्या हातानं दे. नाहीतर फाड आणि शनिवारच्या गाडीनं ये. तुळसाकाकीच्या अंगणापासून सुरुवात करू. अकरा घरं आहेत, मी तुझ्याबरोबर चालेन. बोलायचं मात्र तू.

अजून तरी तुझीच,
अनुजाताई