अकरा दुरुस्त्या

दि. १४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा पेन ड्राइव्ह काल पोहोचला. माझी प्रकृती ठीक आहे. स्वयंपाक जमू लागला आहे. मिठाचा अंदाज तेवढा अद्याप येत नाही. एकच फाँट तुला तिसऱ्यांदा पाठवावा लागला, याबद्दल क्षमस्व.

तुझ्या ताईने संगणकावर अक्षरजुळणी केलेले शेवटचे पुस्तक, निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या आठवणींचे, अजून छापखान्यात गेलेले नाही. फाइल उघडू लागलो की ‘फाँट सापडत नाही’ अशी सूचना येते. पर्यायी फाँट स्वीकारला, तर पानभर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात आणि ओळी कुठेही तुटतात. नाकारला, तर फाइल मिटते. गेले तीन महिने मी रोज सकाळी दहाला तिच्या खुर्चीवर बसतो, ती सूचना वाचतो आणि नाकारतो.

बाई काल पुन्हा आल्या होत्या. “फाँट म्हणजे काय छत्री आहे, कुठेतरी विसरून यायला?” म्हणाल्या. मी तांत्रिक कारणे सांगू लागलो. त्यांनी ती ऐकून घेतली. मग म्हणाल्या, “अहो, डॉक्टर सांगतात, डोळे फार तर महिनाभर साथ देतील. माझंच पुस्तक मला दुसऱ्यानं वाचून दाखवायचं का?”

मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

आता लिहितो ते पहिल्याच पत्रात लिहायला हवे होते. फाँट हरवलेला नाही. तुझी ताई गेली त्याच आठवड्यात मीच तो संगणकातून काढून टाकला. तू पाठवलेले तिन्ही पेन ड्राइव्ह आपापल्या पाकिटांतच आहेत.

पुस्तकात केवळ अकरा दुरुस्त्या उरल्या आहेत. त्या झाल्या की तिचे काम संपले. अकरावी दुरुस्ती तिने स्वतः काढलेली. पान त्र्याण्णववर एक गच्च ओळ आहे. तिच्यावर बोट ठेवून ताई म्हणाली होती, “अहो, हिला जरा मोकळी करते. जीव गुदमरतोय बिचारीचा.” मी म्हणालो, “उद्या कर.” त्याच संध्याकाळी तिला दवाखान्यात हलवावे लागले.

रविवारी ये. फाँट तू बसव, दुरुस्त्याही तूच कर. मी शेजारच्या खोलीत बसेन. तिथून ‘थांब’ म्हणालो, तरी थांबू नकोस.

आजवर तुला खोटे लिहीत आलेला,
तुझा भाऊजी