चांदबीचा डोळा

१२ नोव्हेंबर १९७४, धाड
औरंगाबादहून गावी आले. कुसळ जाऊन डाव्या डोळ्यात फूल पडलंय, त्याला इलाज आहे म्हणे — मेलेल्या माणसाच्या बुबुळावरचा पडदा काढून बसवायचा. उजवाही मंदावलाय. तोही गेला की शाळेची नोकरी गेलीच.
शेजारची चांदबी कधीची मागे लागलीय, "माया मागं माये डोळे घे." हृदय थकलंय तिचं. डॉक्टरांना सांगितलं, तर ते फारसे राजी दिसेनात. म्हातारा पडदा गढूळ व्हायची भीती जास्त, एकदा फसला की दुसरा बसणं अवघड. "तरण्या माणसाचा मिळेपर्यंत थांबलात तर बरं." विचार करते म्हटलं.

१३ नोव्हेंबर
भिंतीवरून चांदबी — "काऊन वं विमल, ठरलं का नाई?"
डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं.
"मंग तरण्याचाच घे. कोन तरणं मरून राह्यलं, पाह्यलं का?"
बाईच्या जिभेला हाड नाही. मी दार लावून घेतलं.

१७ नोव्हेंबर
बाजारात बोलत होते, अमडापूरकडे जीप उलटली. सगळे हळहळत होते. माझ्या मनात पहिलं काय आलं? — कुणी तरणं गेलं का!
कुणी गेलं नव्हतं. मला जेवण गेलं नाही. शी.

१८ नोव्हेंबर
चांदबीकडे गेले. म्हटलं, तुझाच घेईन, गढूळ झाला तर होऊ दे.
तिचा मुलगा रहेमतुल्ला कुरकुरला. म्हातारीनं त्याला गप्प केलं, "डोळा माया हाय. अल्लाले मीच सांगन." मग मला म्हणते, "आता जल्दी मर म्हन ना मले."
गप बस, म्हटलं. शंभर वर्षं जग, मी थांबते. अगदी मनापासून म्हटलं.

२ डिसेंबर
चांदबी चुलीपुढं बसेना झालीय. सुरमाही सोडला. सून गुलनार वैतागलीय. म्हातारी म्हणते, "विमलच्या मालाले धुपट कसं लागू देऊ?"

९ डिसेंबर
शाळा. बाकी काही नाही. चांदबीला पेज नेऊन दिली, अर्धीच प्याली.

२० जानेवारी १९७५, औरंगाबाद
डाव्या डोळ्यावर पट्टी, उजव्यानं लिहितेय. चांदबी परवा पहाटे गेली. रहेमतुल्लानंच फोन लावून डॉक्टरांना डोळा काढायला बोलावलं.
डॉक्टर आत्ता बजावून गेले — टाके ओले आहेत, रडायचं नाही.