सोडलेला जिताडा

मुलुंड (प.)
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय हरेश्वर,

सप्रेम नमस्कार. घरी सगळी बरी असतील असं धरून चालतो, कारण विचारावं म्हटलं तर तू फोन उचलत नाहीस. तीन वर्षं होऊन गेली, तेव्हा तुझा फोन बिघडला असेल ही समजूत आता मीही सोडून दिली आहे. हे पत्र निशाच्या हाती पाठवतोय. तुझी मुलगी आमच्या मुलुंडच्या बँकेत बदलून आलीय, हे मला पासबुक भरायला गेलो तेव्हा कळलं. काउंटरच्या पलीकडून "दशरथकाका" अशी हाक आली आणि मी चक्क पासबुक तिथेच विसरून आलो. दुसऱ्या दिवशी ते घ्यायला गेलो तेव्हा पत्राचं विचारलं. ती म्हणाली, "द्या, पण बाबा वाचतील की नाही ते सांगत नाही."

इकडे आम्ही ठीक. सुलक्षणाचे गुडघे होते तसेच आहेत. माझी साखर कधी वर, कधी खाली. श्रावण असल्यामुळे घरात मासळीचं नाव नाही, आणि माझा चेहरा त्यामुळेच सुतकी झालाय असं सुलक्षणा शेजारणीला सांगते. कारण ते नाही. नारळी पौर्णिमा पाच दिवसांवर आली, तुम्हा भावांची होडी रंगवायची गडबड चालू असेल, त्यात ही माझी भर नको होती. पण माझा इलाज चालेनासा झालाय.

आपल्या तळ्याचं काहीतरी बिनसलं आहे.

गेला आठवडाभर मी रोज सकाळी सहाला घाटावर जातो. पाण्यावर नुसती तोंडंच तोंडं. हजारो चिलापी मासे वर येऊन हवा ओढत असतात. ऊन चढलं की खाली जातात, पण ढगाळ दिवस असला की नऊ-नऊ वाजेपर्यंत तशाच. परवा दोन कटले मरून काठाला लागले, काल पाच. आपल्या गळवाल्यांच्या मंडळाचा आता सर्वेश सेक्रेटरी आहे, तुला आठवत असेल, सगळं मोजून लिहून ठेवणारा. त्याने पन्नास चिलाप्या गळाने काढून पट्टीवर मोजल्या. सगळ्या एका तळहाताच्या, डोकं मोठं, अंग वाळलेलं. दोन हातातच मेल्या, त्यांची पोटं उघडली तर त्या एवढ्याशा माद्या अंड्यांनी भरलेल्या. उरलेल्या अठ्ठेचाळीस त्याने परत पाण्यात सोडल्या, कारण मंडळाचा नियम तसा आहे. जे गळाला लागेल ते सगळं परत सोडायचं. नियम कुणाचा ते तुला सांगायला नको.

जिताडा तर दिसूनसुद्धा दीड वर्ष झालं.

तू दर पावसाळ्यात खाडीतून बोटभर लांबीची जिताड्याची पिल्लं आणायचास. निळ्या ड्रममध्ये, झाकणाला खिळ्याने भोकं पाडून, आणि टेम्पो खड्ड्यात आदळला की ड्रायव्हरच्या आधी तू ओरडायचास. सहा वर्षं आपण दोघांनी ती या काठावरून सोडली. ती मोठी होऊन चिलापी खायची आणि तळं ताळ्यावर असायचं. हे तेव्हा मला कळत होतं असं म्हणवत नाही. मला वाटायचं, जिताडे आता तळ्यात झालेत, गळाला लागलेले परत सोडत राहिलो की आपोआप वाढतील.

आता पिल्लांचे दिवस आहेत. तू एकदा येऊन नुसतं पाणी बघशील का? १७ तारखेला रविवारी मंडळाची बैठक आहे. सगळे मला विचारतायत, काका, काय करायचं, आणि मी गंभीर चेहरा करून चष्मा पुसतो. विक्रोळीच्या कारखान्यात बावीस वर्षं एका शेडमध्ये काढली आपण, माझा गंभीर चेहरा किती पोकळ असतो ते तुला माहीत आहे.

मागचं काय ते मागे राहू दे. त्या दिवशी आपण दोघेही जरा तापलो होतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दशरथ


मुलुंड (प.)
बुधवार, १३ ऑगस्ट

हरेश्वर,

तुझं उत्तर निशाने काल दिलं. बँकेत गर्दी होती, तरी उठून बाहेर आली आणि म्हणाली, "काका, बाबांनी पत्र वाचलं. मग एवढंच म्हणाले, 'त्याला इचार, त्याचा सोरलेला जिताडा कुठं हाय?' मला काही कळलं नाही. तुम्हाला कळलं का?"

मी नाही म्हटलं. पण कळलं होतं.

तळ्याचं आधी लिहितो, कारण ते सोपं आहे. मेलेले कटले बावीस झाले. सर्वेशने कुठून तरी हवा सोडणारा पंप आणून घाटाजवळ लावलाय, त्याच्याभोवती चिलाप्या गोळा होतात आणि बाकी तळं तसंच. काल मी पहिल्यांदा माझा नियम मोडला. गळाला आलेल्या एकोणतीस चिलाप्या बादलीत टाकल्या आणि परत सोडल्या नाहीत. मंडळात अर्धे श्रावण पाळणारे, त्यामुळे घ्यायला कुणी तयार नव्हतं, शेवटी वॉचमन घेऊन गेला. एकोणतीसने काय होतंय, हे दिसतंय मला. पण हात थांबेना.

सुलक्षणाला मी काही सांगितलं नव्हतं. हे पत्र लिहायला बसून तीन कागद फाडले तेव्हा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्येका खरा काय ता लिवा. तुमचो तो शर्ट मी दोनदा धुतलंय. माका काय कळाक नाय?" तीन वर्षं ही बाई गप्प बसली होती. मी समजत होतो, हे मला एकट्यालाच ठाऊक आहे.

तर लिहितो.

निशाच्या हळदीच्या आठवड्यात तुला अकरा किलोचा जिताडा लागला आणि तू तो घरी नेलास. त्याच आठवड्यात, गुरुवारी, मला नऊ किलोचा लागला आणि मी तो सोडला. सोडला असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे आधी मी त्याला जबड्यात बोटं घालून उभा टांगला, फोटोसाठी. मग सर्वेशने त्याच्याबरोबर आपला फोटो काढून घेतला. मग आणखी तिघांनी. उन्हात दहा मिनिटं तरी तो बाहेर होता. पाण्यात ठेवल्यावर एका कुशीवर कलंडला. मी शेपटी धरून पुढे-मागे केला, तेव्हा हळूहळू खाली गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

शनिवारी सकाळी फिरायला गेलो तर पंपघराच्या मागे, जलपर्णीत, तो उताणा तरंगत होता. पोट फुगलेलं, जबडा एका बाजूला फाटलेला. माझ्या बोटांनी. आजूबाजूला कुणी नव्हतं. पंपघरात सिमेंटची रिकामी गोणी मिळाली. त्यात घालून ओढत नेला आणि जांभळीच्या मुळाशी पुरला. खड्डा नीट खोल झाला नाही, आणि शर्टाला वास लागला तो लागलाच. सोमवारी बघितलं तर मुंग्यांची रांग लागली होती.

आता तारखा मोज. शनिवारी पुरला आणि रविवारी बैठक होती. म्हणजे मी तुला बोललो तेव्हा मला माहीत होतं.

त्या बैठकीत माझा फोटो सगळ्यांच्या हातून फिरत होता. तुझ्या हातात आला तेव्हा तू बराच वेळ बघितलास. मासा उभा टांगला की स्वतःच्याच वजनाने आतून कसा फाटतो ते तुला दिसलं होतं, हरेश्वर. तुझ्या घराण्याची हयात त्यात गेली आहे. तू एक शब्द बोलला असतास तर मी तिथेच खाली बसलो असतो. तू फोटो पुढच्या माणसाकडे दिलास. आणि मी, आता हा तोंड उघडेल या भीतीने, आधीच तोंड उघडलं. पोरीच्या हळदीला तळ्याच्या जिवावर जेवण घालतोस, म्हटलं. आणि त्यापुढे जे म्हटलं ते मागच्या पत्रात मी "जरा तापलो होतो" या तीन शब्दांत गुंडाळलं. मी म्हटलं होतं, तुम्हा कोळ्यांचा हात माशावरून सुटायचा नाही. चौदा माणसांसमोर. ज्या हाताने सहा वर्षं ड्रम उचलून आणले, त्या हाताला.

तू तेव्हा रागावला नाहीस. एवढंच म्हणालास, "दशरथ, हा मासा हितं वियत नाय. याला खाडीचं खारं पाणी लागतं. तू सोर नायतर ठेव, नवीन पिल्लू नाय टाकलंस तर हे संपणार." आणि टोपी घालून निघालास. ते मी ऐकलं नाही. मला त्या वेळी फक्त तू फोटोबद्दल काही बोलत नाहीस ना, एवढंच ऐकायचं होतं. नंतर कुणी पिल्लांचं नाव काढलं की मी विषय बदलायचो, कारण पिल्लं म्हटली की तुझ्याकडे यावं लागलं असतं.

तळ्याचं वाटोळं चिलापीने केलं असं सगळे म्हणतात. मीही मान हलवतो.

तो फोटो अजून घाटावरच्या फलकावर काचेत आहे. खाली सर्वेशने लिहिलंय, 'सोडा, वाढू द्या.' नवीन आलेली माणसं त्याच्यासमोर उभी राहून विचारतात, काका, हा एवढा मोठा तुम्हीच सोडलात? मी हो म्हणतो. गेली साडेतीन वर्षं हो म्हणतोय.

आज सकाळी मी काच काढून फोटो बाहेर घेतला. तो या पाकिटात आहे. फलकावर चौकोनी पांढरा डाग राहिलाय आणि सर्वेशचे दोन फोन येऊन गेले, मी घेतले नाहीत. रविवारी बैठकीत सगळं सांगणार आहे. शनिवारचं, गोणीचं, आणि मी तुला जे बोललो त्याचं. तू येणार असशील तरी सांगणार आणि नसशील तरी सांगणार, म्हणजे हे तुला बोलावण्यासाठी चाललंय असं तुला वाटायला नको. बैठकीतले निम्मे मला पुन्हा काका म्हणणार नाहीत.

पिल्लं मागत नाही. मागच्या पत्रात मागितली, ती कुठल्या तोंडाने मागितली कोण जाणे. चिलापी आम्ही काढत राहू, जेवढी निघेल तेवढी. कटला लागला तर पाण्यातच गळ सोडवू, वर उचलणार नाही. एवढं मला आता उमगलंय. बाकीचं तुला ठाऊक आहे, आणि ते सांगायचं की नाही हे तूच ठरव.

एकच विचारतो. निशा सांगत होती, तिच्या हळदीला दोनशे माणसं जेवली आणि तुझ्या आईने त्या जिताड्याचं डोकं स्वतः रांधलं. शेवटचं रांधणं तेच, त्यानंतर म्हातारी चुलीपाशी बसली नाही म्हणे. माझा मासा मुंग्यांनी खाल्ला. तुझा चवीला कसा लागला, ते मला कधीतरी सांग. पत्राने सांगितलंस तरी चालेल.

निशाच्या हळदीला न आलेला,
दशरथ