काजूचा चीक नव्हे

बौद्धवाडी, रत्नागिरी
दि. ११ मे २०२५

चि. प्रज्ञेश यास,
सावित्रीआजीचा सप्रेम जयभीम.

तू विसराळू, म्हणून आधी माझी ओळख करून देते. मी तुझ्या बापाची आई. नाक बसकं, दात मोजके, कान मात्र अजून शाबूत. फोन वाजला की पडद्यावर जिचं नाव बघून तू फोन पालथा घालतोस, तीच मी. आता आठवलं असेल.

पत्र लिहितेय ऋतिका, तुझी बहीण. मी बोलते, ती लिहिते, आणि मधे मधे माझी भाषा सुधारते. मी तिला सांगितलंय, सुधार हवी तेवढी, पण काही गाळशील तर जेवायला मिळणार नाही. पत्र एवढ्यासाठी की फोनवर तू ‘रेंज जातेय आजी’ म्हणतोस. पत्राला रेंज लागत नाही.

इकडे सर्व कुशल आहे. ऋतिका विचारते, ‘हे लिहू? खरं कुठाय ते?’ मी म्हटलं, लिही गो, पद्धत असते. खरं पुढे येईलच.

तर वाडीची खबर. विहिरीने तळ दाखवला. टँकर येतो, पण त्याच्या मनात येईल तेव्हा. आंबा यंदा कमी, आणि आंब्याच्या गप्पा जास्त. गोदाकाकू आमच्याशी बोलत नाही. तिचा राग माझ्यावर आहे, आणि त्याला कारण तुझी पिंपं.

जयंतीला तू यायच्या आदल्या दिवशी मंडळाच्या टेंपोतून चार निळी पिंपं पाठवलीस. पाण्याच्या दिवसांत पिंप म्हणजे काय, हे वसईला बसलेल्याला सांगायला नको, तू इथेच वाढलास. तुझ्या आईने ती दारात अशी उभी केली की जणू चार जावई आलेत. मी एकाच्या तोंडाशी नाक नेलं. आंबूस नाही, गोड नाही, इस्पितळाच्या फरशीसारखा काहीतरी वास. तुला विचारलं, तर तू म्हणालास, “काय नाय गो आजी. पाण्यातलं केमिकल होतं, रंगात घालायचं. तेलातलं असतं तर गोष्ट वेगळी. पाण्यातलंच हाय, धुतलं की झालं.”

आता तूच आठव. मागे सुट्टीला आला होतास तेव्हा पडवीत बसून मला तुझ्या गोदामाचं पुराण सांगत होतास. डबे उन्हात ठेवायचे नाहीत, झाकण उघडं टाकायचं नाही, उरलेलं परत डब्यात ओतायचं नाही, हातमोजे फाटले की लगेच दुसरे घ्यायचे, डोळ्यांना चष्मा लावायचा, आणि रिकामं पिंपसुद्धा भरलेलंच समजायचं. मी म्हटलं होतं, अरे, एवढं सोवळं तर भटाच्या घरी नसेल. तू हसलास. मला वाटलं, पोरगं कामाचं शिकलं. मग रिकामं पिंप वसईत भरलेलं असतं आणि खेडशीचा नाका ओलांडला की रिकामं होतं, असं काही आहे का? मला शाळा नाही, म्हणून विचारते.

तुझी आई शालन पिंपात कमरेपर्यंत वाकली आणि काथ्याने आतून घासत राहिली. तळाला दुधासारखं काहीतरी घट्ट बसलं होतं, ते नखांनी काढलंन. चारही पिंपं. त्याच दिवसांत ती खोतांच्या बागेत ओले काजूगर सोलायला जात होती. पुढे हात खाजायला लागले, मग बोटांच्या बेचक्यांत फोड, मग साल निघायला लागली. सगळी वाडी म्हणाली, काजूचा चीक. शालन स्वतः म्हणाली, काजूचा चीक. आमच्याकडे हाताला काही झालं की काजूच्या माथ्यावर मारायचं, त्याला बिचाऱ्याला तोंड नाही. खोबरेल लावलं, राख लावली.

पण चिकाचा डाग मी जन्मभर बघितलाय. तो काळा पडतो, कातडं करपल्यासारखं होतं आणि आठवड्यात सोलून मोकळं. हे तसं नव्हतं. हे लाल, ओलसर, आणि काजू संपले तरी पुढे सरकत होतं. आता कोपरापर्यंत आलंय. ती रात्रभर हात हातपंख्यासारखे हलवत बसते, भाकरी थापता येत नाही. ऋतिका थापते. तिच्या भाकरीबद्दल पत्रात लिहू नको म्हणाली आहे, म्हणून लिहीत नाही.

शालनला डॉक्टरकडे नेलं. बाई तरुण आहे, पण ऐकून घेते. तिने विचारलं, हात कशाकशाला लागले? शालन म्हणते काजू. मी म्हटलं पिंपं. मग डॉक्टरीणबाई खुर्ची पुढे ओढून म्हणाली, त्यात काय होतं? मी तुझंच वाक्य सांगितलं, पाण्यातलं. तर म्हणाली, “आजी, पाणी साठवलं की नासतं. नासू नये म्हणून अशा केमिकलात औषध घालतात, आणि कित्येकांच्या कातडीला तेच सोसत नाही. एकदा अंगाने वैर धरलं की पुढच्या वेळी थेंबसुद्धा पुरतो. मला नेमकं नाव हवं. पिंपावरचं लेबल आणा.”

मला लगेच उमगलं. आंब्याच्या खारात मीठ असतं ते काय दिसतं? दिसतं नुसतं पाणी. हाताला चीर असली की कळतं.

घरी येऊन पिंपं फिरवून फिरवून बघितली. एकावरही लेबल नाही. लेबलाच्या जागी चौकोनी खरवडलेलं. ब्लेडने, नीट, कडेपर्यंत. मला अक्षर येत नाही, बाळा, पण खरवडलेलं वाचता येतं. ज्याला वाटतं की आत काही नव्हतं, तो बसून लेबल खरवडत नाही.

तेव्हापासून तुला फोन करतोय. ऋतिकाने केले, मी केले. एकदा उचललास तर परत तेच, पाण्यातलं आहे. नाव विचारलं तर रेंज गेली. मला एवढा राग आला की फोन तांदळाच्या डब्यात टाकला. परत काढायला ऋतिकाला अर्धा डबा उपसावा लागला, तो राग वेगळा.

आणि इथे माझं कोण ऐकतं? मी म्हटलं पिंपं वापरू नका, तर सगळे म्हणाले, म्हातारीला पाणी नको झालंय. त्यातलं एक पिंप तुझ्या आईने आधीच गोदाकाकूला देऊन टाकलं होतं. काकूने त्यात कोकमं मिठात घातली, वर्षभराच्या आगळासाठी. मी काठी टेकत गेले, सांगितलं, हे पोटात घालू नको. तिने मलाच बसवून सरबताचं विचारलं. शेवटी मी पिंप आडवं केलं. अंगणभर तांबडं झालं. ती बोलत नाही, ते म्हणून. बोलू नये, जिवंत राहावं, तेवढं पुरे. मग आत्मारामला बोलावलं. तो मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कामाला जातो. म्हणाला, आमच्याकडे अशी पिंपं भोकं पाडल्याशिवाय गेटबाहेर जात नाहीत. म्हटलं, मग इथे पाड. काकूचं धरून चारही पिंपांना पहारीने भोकं पाडली. वाडीतल्या बायका बघत उभ्या होत्या, जणू मी चार म्हशी मारल्या.

आता जे इतका वेळ बाजूला ठेवलं ते. ऋतिका, लिही, थांबू नको.

जयंतीच्या जेवणाला विहारात पंगत बसली होती. भात, डाळ, वाटाण्याची उसळ. तू चमचा मागितलास. सगळे हसले, मुंबईकर झाला म्हणाले. मीसुद्धा हसले. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाला बटण. तुझ्या आईने हात धरायला हात पुढे केला तर तू पाणी आणायला उठलास. मग मी विचारलं, बोटांना काय झालं रे? तू म्हणालास, काजूचा चीक.

प्रज्ञेश, तू तीन दिवस होतास. एक काजू सोलला नाहीस. सोललेला सुद्धा तुझ्या ताटात मी चमच्याने वाढला होता.

तेव्हा गप्प बसले, कारण तू खोटं बोलताना तुझ्या बापासारखा दिसतोस. आणि आता तुझ्या आईचे हात बघते तेव्हा मला दोघांचे दिसतात. तिला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं की लेकाने पाण्याची सोय केली, तिनेच काहीतरी चुकीचं धुतलं.

मला कळतं. पिंपं गेटबाहेर न्यायची परवानगी नसणार. नाव सांगितलंस तर पिंपं कुणी नेली हे निघेल, आणि हात दाखवलेस तर गोदामातून काढतील, पर्मनंट व्हायचं राहील बाजूला. हे सगळं तू मनात फिरवत असशील. पण नोकरीला हात लागतात रे. दुसरी नोकरी मिळते, दुसरा हात अजून कुणी वाटत नाही. आधी साहेबाला हात दाखव. शिव्या दिल्या तर खा, तुला मोठं करताना मी ढिगाने खाल्ल्यात, पचतात. मग तिथल्या भरलेल्या पिंपावरचं लेबल मोबाइलवर काढ आणि ऋतिकाला पाठव. आम्ही ते डॉक्टरीणबाईला दाखवू. आणि मग तू आईला फोन कर. पाण्यातलं होतं हे शब्द न वापरता.

मी रागावलेली आहे, हे ऋतिकाने नीट लिहिलंय ना, ते तिला वाचून दाखवायला लावलं. लिहिलंय.

घरी येताना पिंप, डबा, बाटली काही नको. वसईची सुकेळी आण, केळीच्या सोपटात बांधलेली, तुझ्या आईला आवडतात तसली. मंडळाच्या टेंपोत टाकून पाठवलीस तर आल्या पावली परत जातील. ज्याने आणली त्याने माझ्यासमोर पडवीत बसून सोपट सोडायचं, बाह्या वर करून, हातमोजे न घालता, आणि पहिलं केळं आईला स्वतःच्या हाताने भरवायचं, कारण तिचे हात सध्या कामाचे नाहीत.

तुझी आजी,
सावित्री
(अंगठा उठवला आहे, ओळखशील)