सेरच्या खिंडीतलं सातवं वळण

३ जून, सोमवार

पोहोचलो एकदाचा! क्लेर्मोंतहून निघताना पाऊस होता, इथे लख्ख ऊन. बसवाल्यानं सायकल टपावरून जपून उतरवून दिली, वर म्हणाला की या गावात सायकलवर येणारे पुष्कळ, पण सायकल बसवर टाकून आणणारा मी पहिलाच. काम मनासारखं मिळालंय. या उन्हाळ्यात इथल्या पाचही खिंडी सायकलनं आणि पायी पालथ्या घालायच्या, चढ-उतार मोजायचे, खुणेच्या पाट्या ठोकायच्या आणि गावकचेरीसाठी प्रवाशांचा नकाशा करायचा. नऊ वर्षं दुकानात बसून दुसऱ्यांच्या सायकली दुरुस्त केल्या, आता स्वतःची चालवणार.

खोली मादाम ओदेत यांच्या घरी, वरच्या मजल्यावर. खिडकीसमोर सेरची खिंड आणि तिच्या डोक्यावर विझलेल्या ज्वालामुखीचं हिरवंगार शिखर. मादाम साठीच्या, विधवा, तोंडानं फटकळ. रात्री बटाटे नि ताज्या चीजचा घट्ट लगदा वाढला, तो चमच्याबरोबर हातभर लांब ओढला जातो. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, "खा मुकाट्यानं. तुम्हा सायकलवाल्यांच्या अंगावर मांस तरी कुठे असतं?"

५ जून, बुधवार

आज सेर चढलो. अकरा वळणं. काळ्या दगडाचे खांब एकाला एक लावून उभे केल्यासारखे, उतारावर जेन्शनच्या रानफुलांचे पिवळे तुरे, आणि सगळीकडे तांबड्या गाईंच्या गळ्यातल्या घंटा. माथ्यावर वाऱ्यानं सायकल हातातून ओढून घेतली. मी एकटाच खदाखदा हसलो.

सातव्या वळणावर दगडी चीजघर आहे. तिथे बातिस्त भेटला. सबंध उन्हाळा गाई घेऊन वरच राहतो. साठीचा, बुटका, हात मात्र फावड्याएवढे. चीजची फोड कापून दिली. बोलला जवळजवळ नाहीच. एकच विचारलं, उतरताना वेग किती धरतोस. मी फुशारकीनं सांगितलं, साठच्या वर. त्यानं सुरी विजारीला पुसली आणि "साठ" एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर कळलं की तो मादाम ओदेतचा धाकटा भाऊ.

६ जून, गुरुवार

नोएमीचा फोन. माझ्या या धाकट्या बहिणीची परीक्षा संपली, आता ती उत्तरेकडून सायकलनं निघणार, वाटेत तंबू ठोकत ठोकत. रविवारी, सोळा तारखेला, सेरचा माथा ओलांडून इकडे उतरेल. मादामना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, कुठल्या बाजूनं आणि किती वाजता.

८ जून, शनिवार



धुकं होतं. पाट्या घेऊन चढत होतो. सातव्या वळणाच्या खाली एक सायकल रस्त्यावर आडवी पडलेली. मागचं चाक सावकाश फिरत होतं. माणूस नाल्यात. हॉलंडचा, हे नंतर कळलं. पन्नाशीचा, निळा सदरा. गळा कानापासून कानापर्यंत उघडा, आत पांढरं काहीतरी दिसत होतं. तो जिवंत होता. माझ्या मनगटाला धरून काही सांगू बघत होता, पण श्वास तोंडातून न येता गळ्यातूनच बुडबुडे होऊन येत होता. मी माझा सदरा काढून जखमेवर दाबला. रक्त बोटांमधून येतच राहिलं, गरम. मग त्याची पकड सुटली.

बातिस्त वरून आला. प्रेताकडे पाहिलं आणि गाईंना रस्त्यावरून हाकललं, नाहीतर त्या रक्त चाटतात, म्हणाला.

९ जून, रविवार

ठाण्यातला अंमलदार येऊन गेला. त्याचं म्हणणं, उतारावर ताबा सुटला आणि गडी कुरणाच्या काटेरी कुंपणात गेला. मी म्हणालो, जखम सरळ होती, सुरीनं चीज कापावं तशी. त्यानं लिहून घेतलं.

मादामनी माझा सदरा धुऊन वाळत घातला. गार पाणी आणि मीठ. रक्त गरम पाण्यात धुवायचं नसतं, त्यानं ते बसतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. डाग एकही राहिला नाही.

१२ जून, बुधवार

तो माणूस पडला होता तिथून सर्वात जवळचं काटेरी कुंपण दोनशे पावलांवर आहे. मी आज मोजलं.

सातव्या वळणावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, हिवाळ्यात बर्फातून रस्ता कळावा म्हणून रोवलेले लोखंडी खांब आहेत. समोरासमोरच्या दोन खांबांवर, सायकलवर बसलेल्या माणसाच्या गळ्याच्या उंचीला, गंज घासून निघालाय. चकाकतं कडं. एकावर एक बऱ्याच रेघा. तार बांधल्याच्या.

नाल्यात दोन दात सापडले. त्या हॉलंडवाल्याचे दात शाबूत होते. म्हणजे हे दुसऱ्या कुणाचे.

दात मादामच्या टेबलावर ठेवले. त्या मसूर निवडत होत्या. निवडता निवडताच सांगितलं. तीन वर्षांपूर्वी बातिस्तची मुलगी लीझ दुधाचा हंडा घेऊन रस्ता ओलांडत होती. एकोणीस वर्षांची. वरून सायकलवाल्यांचा घोळका आला, शर्यत लावून. पहिल्याची धडक बसली आणि मागचे तिच्यावरून गेले. एकही थांबला नाही. बातिस्त चीजघरात होता, त्यानं खिडकीतून पाहिलं.

"चाळीस मिनिटं लागली तिला मरायला," मादाम म्हणाल्या. "तुझा हॉलंडवाला फार तर पाच मिनिटांत गेला असेल. तरी त्याच्यापाशी तू होतास."

मी विचारलं, हा कितवा. त्या म्हणाल्या, चौथा. आणि मसुरातला खडा काढून बाजूला ठेवला.

१४ जून, शुक्रवार

अंमलदाराला फोन केला. सगळं सांगितलं. सोमवारी येऊन बघतो म्हणाला.

बातिस्तशी बोलावं म्हणून पायी वर गेलो. पाय मोडलेला एक गोऱ्हा चीजघरापुढे पडला होता. बातिस्तनं पहार उचलली आणि त्याच्या कपाळावर घातली. गोऱ्हा ओरडला. दुसरा घाव डोळ्यावर. तिसऱ्या घावाला डोकं दबलं. तिन्ही वेळा बातिस्त गोऱ्ह्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता.

मी परतलो. नोएमीला फोन लावला. बंद.

१५ जून, शनिवार

नोएमीचा फोन अजून बंद. डोंगरापलीकडे कुठल्यातरी कुरणात तंबू ठोकून झोपली असेल. सतरा निरोप ठेवले.

मादामकडे गाडी मागितली. किल्ली हरवलीय म्हणाल्या. किल्ली त्यांच्या एप्रनच्या खिशात होती, मला आकार दिसत होता. माझ्या सायकलच्या दोन्ही चाकांचे टायर कुणीतरी कापलेत. बदलायला टायर नाहीत.

पहाटे पायीच निघतो. तारा कापायची पक्कड घेतलीय. नोएमी दहापर्यंत माथ्यावर येईल. त्याआधी मी तिथे असेन.

१६ जून, रविवार

चीजघरात आहे. बाहेरून कडी. वही सायकलच्या सदऱ्याच्या मागच्या खिशात होती, ती त्यानं घेतली नाही. कुणाला सापडली तर — बातिस्त. सातवं वळण. मादाम ओदेतला सगळं माहीत होतं.

धुकं. सात वाजता पोहोचलो. तार बांधलेली होतीच, करडी, धुक्यात दिसतच नव्हती, हातानं चाचपून शोधली. पक्कड लावली तेवढ्यात मागून पहार बसली. आधी गुडघ्यावर. वाटी फुटल्याचा आवाज मीच ऐकला. मग तोंडावर. जबडा एका बाजूला लोंबतोय. ओरडायला जातो तर नुसतं रक्त आणि घरघर.

त्यानं फरफटत आत आणलं. खिडकीखाली बसवलं, भिंतीला टेकवून, अगदी नीट. विचारलं, तू होतास का रे त्या घोळक्यात. मी मान हलवली — नाही.

"सगळे नाहीच म्हणतात," तो म्हणाला. मग माझं तोंड खिडकीकडे वळवलं. "ओदेत सांगत होती, तुझी बहीण येतेय. मी इथूनच बघितलं होतं. तूही बघ."

नऊ चाळीस

खिडकीला गज. हात जातो, खांदा जात नाही. पाय उचलत नाही. समोर वीस पावलांवर रस्ता. तार पुन्हा ताणलीय त्यानं. तो पलीकडे दगडावर बसलाय, भाकरी खातोय.

वहीची कोरी पानं फाडून, 'थांब' लिहून बाहेर फेकली. वाऱ्यानं उलटीकडे —

दहा

दुधाचा तांब्याचा हंडा आहे इथे. चिमट्यानं बडवतोय. मोठा आवाज होतो. ती ऐकेल, थांबेल. कुणीही थांबेल.

बातिस्त उठला नाही. मला अडवतही नाही. का —

दहा दहा

वरून सायकलची घंटी. तिची. दोनदा वाजवली.

मी बडवलं. तिनं परत वाजवली. शीळ घातली. लहानपणी हाक मारायची तशी —

तिला वाटतंय मी स्वागत —

बडवणं थांबवलं. आता तरी शंका येईल. थांब. नोएमी थांब

बातिस्तनं माझ्याकडे बघितलं. दगड उचलला. स्वतःच शेजारची दुधाची बादली वाजवतोय. माझ्यासारखीच. त्याच तालात —

हसतेय ती. ऐकू येतंय. पॅडल मारणं थांबलं, नुसती चाकं, वेगात — आठवं वळण — लाल सदरा धुक्यात — वाक, खाली वाक, नोए