ताहिरच्या नावावर गेलेली माझी चूक

मी, शामराव गोंडूजी तायडे, वय एकसष्ट, मूळ राहणार मेहकर, सध्या मुक्काम झिंज, बहरीन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. गुरुवारी हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर ‘इंशाल्ला’ म्हणाले. तेवढ्यावर मी विसंबून राहत नाही.

१. अकोल्याचा फ्लॅट व बँकेतली शिल्लक पत्नी कांता हिची. माझा धाकटा भाऊ शंभू ‘वहिनी, व्यवहार मी बघतो’ म्हणत येईल. त्याला चहा द्यावा, कागद देऊ नयेत.

२. दुर्बिणी दुरुस्तीची माझी हत्यारं वर्कशॉपमध्येच राहू द्यावीत. नव्या माणसाला लागतील.

३. मुलगी संघप्रिया हिला माझी पुस्तकं आणि पुढचं कलम. मी मराठीत बोललो की ती इंग्रजीत उत्तर देते, पण समजतं तिला सगळं. पोरी, हे तू स्वतः वाच.

४. सहा वर्षांपूर्वी एका शौकीन गिऱ्हाइकाची बंदुकीवरची दुर्बीण माझ्याकडे आली. परदेशी जाऊन हरणं मारायचा त्याला नाद. लांबवर जाताना गोळी खाली उतरते, म्हणून अशा दुर्बिणीत मधल्या फुलीखाली आडव्या खुणा असतात. अंतर वाढेल तशी खालची खूण हरणावर धरायची, म्हणजे नळी तेवढी वर उचलली जाते. कोणत्या अंतराला कोणती खूण, याचं कार्ड मी कॉम्प्युटरवर बनवून दिलं. पण त्या दुर्बिणीतल्या खुणा फक्त पूर्ण झूमवर खऱ्या होत्या. झूम अर्ध्यावर आणला की तीच खूण दुप्पट उचल देते. ही एक ओळ मी लिहिली नाही. घाईत होतो, दुसरं काही नाही.

त्याने अर्ध्या झूमवर कार्डाप्रमाणे खूण धरली. गोळी हरणाच्या पाठीवरून गेली आणि मागच्या चढावरचा वाटाड्या मेला. मागे काय आहे ते न बघता चाप ओढणं हा त्याचा दोष, तो त्याचा त्याने निस्तरावा. माझा मी सांगतो.

कामाच्या पावतीवर सही माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या ताहिरची होती, कारण दुर्बीण आणि कार्ड घालून पाकीट त्याने बंद केलं होतं. वर्कशॉपच्या मालकाने विचारलं, “कार्ड कोणी बनवलं?” ताहिरने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. संघप्रियाचं बारावीचं वर्ष होतं, व्हिसा जाईल ही भीती होती. खलास. आठवड्यात नोकरी जाऊन तो हैदराबादला परत गेला. दर शुक्रवारी वंदनेला बसून मी प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं शील घेतो आणि घेताना जीभ जड होते. लाज वाटते मला, दुसरा शब्द नाही.

तरी माझ्या मृत्यूनंतर हे कलम मालकाला व ताहिरला कळवावं.

५. वरचं शेवटचं वाक्य रद्द. साक्षीला बोलावलेल्या जागृतीने कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं. “काका, मेल्यावर खरं बोलायला काय जातं हो तुमचं? सही हवी तर आधी फोन लावा.” कांता आतून बाहेर आली आणि मोबाइल माझ्या पुढ्यात ठेवला.

ताहिरने उचलला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “शामभाई, लिख के भेजो. मेरी खदिजा को पढ़ाना है. छह साल से वो समझती है, उसके बाप के हाथ से आदमी मरा.”

मी विचारलं, “मला माफ केलंस का?”

“पहले भेजो,” तो म्हणाला.

कलम चारची प्रत त्याला व मालकाला आजच, या सह्या होताच, पाठवली जाईल. व्हिसाचं जे व्हायचं ते होवो.

लिहून देणार : शामराव गोंडूजी तायडे
साक्षीदार : १. जागृती वाकोडे, उम्म अल हस्सम
२. सुजीत गवई, बुसैतीन
झिंज, बहरीन. शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५