पाण्याआधी उतरणं

बाबा, मी लेहला जाऊन आले. गाडी घेऊन, एकटी, एटापल्लीहून निघून एटापल्लीला परत. लेह तुम्हाला सांगायला हवं. नागपूरच्या पलीकडे, दिल्लीच्याही पलीकडे, जिथे डोंगरावर औषधालाही झाड सापडत नाही आणि उन्हाळ्यातसुद्धा बर्फ असतो. जायला नऊ दिवस लागले, यायला आठ. शाळेतली नोकरी संपली त्या दिवशी शाल-श्रीफळ घेताना कोणीतरी विचारलं, आता काय करणार बाई? मी म्हटलं, गाडी चालवणार. सगळे हसले. लेक म्हणाला, "आई, विमानानं जा ना, मी तिकीट काढतो." त्याला काय सांगणार? लेह बघायचं होतं हे खरंच, पण त्याहून जास्त तुम्ही मला ऐकवलेलं एक वाक्य खोटं ठरवायचं होतं. एकोणचाळीस वर्षं ते माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलं आहे, आणि तुम्ही मात्र ते बोलून तीनच वर्षांत निघून गेलात.

दवाखान्याच्या जीपचे ड्रायव्हर म्हणून तुम्हाला सगळा तालुका ओळखायचा, आणि हसायचाही. कारण नाल्यावरच्या ठेंगण्या, बिनकठड्याच्या रपट्यावर पाणी असलं की तुम्ही जीप थांबवायचे, चपला काढायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचे आणि बांबूची काठी घेऊन आधी स्वतः पाण्यात जायचे. पाय उचलायचा नाही, तळाला घासत पुढे न्यायचा. जिथे कड संपते तिथे दगडांच्या फटीत काठी रोवायची, तिला गळ्यातला दुपट्टा बांधायचा, मग परत येऊन त्या खुणेच्या आतून जीप काढायची. घोट्याइतकं पाणी असेल तर जायचं, पोटरीइतकं असेल तर थांबून बघायचं, गुडघ्याला लागलं तर परत फिरायचं. आईने जून ते ऑक्टोबर तुमची एक कोरडी पँट चुलीजवळच्या खुंटीला टांगलेलीच ठेवलेली असे. तुम्ही दारात आलात की ती विचारायची, "आज किती?" आणि तुम्ही वाकून नडगीवर बोट ठेवायचे. त्या बोटावरून आई ठरवायची, चहा आधी द्यायचा की आधी ओरडायचं.

एकदा अडलेल्या बाईला आणताना तिचा नवरा मागून ओरडत होता, "भाऊ, टाका ना गाडी, काऊन टाइमपास करून राह्यले!" मी तेव्हा तुमच्याशेजारी बसले होते, तेरा-चौदा वर्षांची. तुम्ही काठी घेऊन उतरलात. पलीकडे जाऊन, परत येऊन, पाय न पुसता क्लचवर ठेवला. ती बाई वेळेत पोचली. तिचा मुलगा पुढे माझ्या वर्गात होता, गणितात अगदीच ढ.

गाडी तुम्हीच शिकवलीत मला. रिकाम्या बाजाराच्या मैदानावर, आठवड्यातून एकदा. ड्रायव्हरची पोरगी जीप फिरवते म्हणून गावात काय काय बोललं गेलं, ते तुम्ही घरात कधी येऊ दिलं नाही. मी एकोणीस वर्षांची झाले, हात बसला. आणि मग तो दिवस. आपण दोघंच रिकाम्या जीपने परत येत होतो, स्टिअरिंग माझ्या हातात. नाल्याच्या रपट्यावर पाणी होतं, थोडंसंच. मला तळाचे दगडसुद्धा दिसत होते. मी पहिला गिअर टाकला आणि सरळ पार केलं. जीप कुठे अडकली नाही, बंद पडली नाही. पलीकडे चढून मी तुमच्याकडे बघितलं, शाबासकीसाठी.

तुम्ही हात लांब करून किल्ली काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"काऊन उतरली नाई?"

"निघाली ना गाडी, बाबा!"

"निघाली म्हून बरोबर झालं का? जाय, आता पायी जाऊन पाह्य ते पाणी."

मी गेले नाही. मागच्या सीटवर जाऊन तोंड फुगवून बसले. तुम्ही पाच-दहा मिनिटं वाट बघितलीत, मग स्टिअरिंगवर बसलात आणि म्हणालात, "चालवणं आलं तुले. उतरणं नाई आलं." त्यानंतर जीपला हात लावू दिला नाहीत. तुम्ही गेलात तेव्हाही माझ्या मनात रडण्याच्या आधी हेच आलं, की आता हे वाक्य कोण मागे घेणार? आजही लिहिताना राग येतो, खरं सांगते.

म्हणून निघताना बांबूची काठी घेतली. टोलनाक्यावरच्या माणसाने विचारलं, "ये डंडा किसलिए?" मी म्हटलं, कुत्र्यांसाठी. सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, दिल्लीच्या बाहेरून चंदीगड, सगळीकडे ती काठी निमूटपणे मागच्या सीटवर झोपून होती. मनालीच्या पुढे मात्र तिचं काम निघालं. आपल्याकडे आभाळ बघून नाला कळतो. तिथे आभाळ निळंशार, ऊन डोळ्यांत खुपतंय, आणि नाला दुथडी भरलेला. वरचा बर्फ दुपारी वितळतो आणि खाली पूर येतो, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. माझ्यामागे गाड्यांची रांग. "आंटी, निकालो ना!" असं कोणीतरी ओरडलं, वर भोंगे. मी उतरले. सलवार दुमडली, बूट काढले. पाणी इतकं गार की चार पावलांत पाय आपले राहिले नाहीत, पण मी ते घासतच पुढे नेत राहिले. सगळ्या गाड्यांच्या चाकोऱ्या डावीकडून गेल्या होत्या, आणि डावीकडेच तळ खचला होता. तिथे काठी पोटरीच्या वरपर्यंत बुडाली. उजव्या अंगाने सपाट दगड होते, तिथे घोट्याइतकंच. मधे काठी रोवली, तिला माझी केशरी ओढणी बांधली, परत आले आणि गाडी काढली.

मागच्या ट्रकचे सरदारजी खाली उतरून हे सगळं बघत होते. मग त्यांचा ट्रक ओढणीच्या उजवीकडून आला. त्यांच्यामागे भोंगेवालेही, शहाण्यासारखे एकामागे एक. शेवटच्या गाडीवाल्याने काठी उपटून आणून दिली. सरदारजींनी विचारलं, "बहनजी, किसने सिखाया?" मी म्हटलं, "मेरे बाप ने." बाबा, त्या वेळी पाय लाकडासारखे झाले होते आणि मी वेड्यासारखी हसत होते. इतका अभिमान मला आयुष्यात कशाचा वाटला नाही, तुमचाही आणि माझाही. गाडीत बसून मोठ्याने म्हटलं, आता घ्या शब्द मागे.

हे पत्रही तेवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

पण परवा आलापल्ली सोडली आणि घर जवळ आलं. दुपारचे चार वाजले असतील. एके ठिकाणी पुलाचं काम चालू आहे, गाड्या खालच्या कच्च्या रपट्यावरून जातात. रपट्यावर पाणी होतं, थोडंसंच. मी लेह करून आलेली बाई. आपल्याच गावचा नाला, त्याचं काय मोठं? पहिला गिअर टाकला आणि सरळ पार केलं. गाडी निघाली. पलीकडे चढले, आणि नकळत शेजारच्या सीटकडे बघितलं.

गाडी बाजूला घेतली. किल्ली काढली. काठी मागच्या सीटवरच होती, हात लांब केला की मिळाली. चपला काढल्या आणि पायी परत गेले, पाण्यातून, कडेकडेने, पाय घासत. मध्यापर्यंत पाणी घोट्याइतकंच होतं. तिथे कडेचे दगड वाहून गेलेले होते, आणि माझ्या चाकाच्या खुणेपासून ती जागा वीतभर लांब होती. काठी खाली गेली तर तळ लागला नाही. मी तिथे कडेला काठी रोवली, ओढणी बांधली आणि तशीच सोडून आले, मागून येणाऱ्यांसाठी.

घरी आल्यावर सगळ्यांनी कौतुक केलं, लेकाने पेढे वाटले. हे त्यांच्यातल्या कोणालाच सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते आहे. मागे घ्या असं लिहायचं होतं, ते आता लिहीत नाही. ते वाक्य तसंच राहू द्या, बाबा. मला अजून लागणार आहे.